कडकडाटाची भीती घालवायला किती पैसे पडतात?

मी पायाळू जन्मले. बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावात एवढं सांगितलं की पुढचं कुणाला समजवावं लागत नसे. पायाळू माणसाला वीज शोधत येते. उन्हाळ्यात दुपारी चारनंतर आभाळ भरून आलं की आजी माझ्या कानांतले डूल काढून घ्यायची, मला माजघरात पोत्यावर बसवायची आणि म्हणायची, “पायाळू हाईस बाई तू, दारात नगं हुबी ऱ्हाऊ.” चुलतभावंडांना मोठी माणसं सांगत, आभाळात म्हातारी हरभरे भरडतेय. त्यांना म्हातारी मिळाली, मला वीज.

जन्मताना आधी पाय बाहेर आले की डोकं, याची विजेला खबर नसते. ती कुठे पडेल हे उंची, टोकदारपणा आणि आसपासचा मोकळेपणा यांवर ठरतं. हे मला दहावीत कळलं. कळल्याने काही फरक पडला नाही. भीती कळण्याच्या जागी राहतच नाही, ती पोटात राहते. पुण्यात संसार थाटला, नोकरी केली, मुलगा मोठा झाला, तरी मार्च उजाडला की मी दर तासाला मोबाइलवर हवामान बघायची, संध्याकाळची कामं टाळायची, आणि पहिल्या गडगडाटाला बाथरूममध्ये जाऊन कडी लावायची. (ती जागाही चुकीचीच होती, ते पुढे येईल.)

गेल्या वर्षी जुन्या डायऱ्या चाळताना या भीतीपायी झालेला खर्च एका कागदावर मांडला. दिवे गेल्यावर अंधार नको म्हणून घेतलेला इन्व्हर्टर, बॅटरीसह २३,००० रुपये. आवाज अडवणारे हेडफोन १९,९९०. लखलखाट दिसू नये म्हणून जाड पडदे ८,४००. एका ज्योतिषाच्या सांगण्यावरून चांदीत मढवलेलं पोवळं ६,५००. ‘दोन दिवसांत भयमुक्ती’ अशी जाहिरात केलेलं शनिवार-रविवारचं शिबिर १५,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७,७००. बेरीज ७५,५९० रुपये, आणि भीती होती तिथेच. त्यानंतर ज्या उपचाराने ती खरोखर उतरली, त्याला लागले १२,३००.

हा लेख त्या दोन आकड्यांमधल्या फरकाबद्दल आहे. कशावर किती पैसे जातात, कुठले पैसे वाया जातात आणि कुठलं काम फुकट होतं, ते सांगते. दर पुणे-मुंबई आणि आसपासच्या शहरांत मी विचारून काढले आहेत, तेव्हा ते अंदाजापुरते धरा. तुमच्या गावात थोडं कमी-जास्त होईल.

आधी खरा धोका, तो फुकटात सांभाळता येतो

विजेला भिणं हा मूर्खपणा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली. त्यांत शेतात काम करणारी, गुरं राखणारी, झाडाखाली आडोशाला थांबलेली माणसं फार असतात. उघड्या रानात असलेल्या माणसाची भीती त्याला वाचवते. ती घालवायला कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

पक्क्या घरात, दारं-खिडक्या लावून, नळाच्या पाण्यापासून आणि सॉकेटला जोडलेल्या वस्तूंपासून लांब बसलेल्या माणसाला मात्र छातीत धडधड, हातपाय गार, श्वास अपुरा, असं होत असेल तर ती भीती काही वाचवत नाही. मी लपायची ते बाथरूम घरातली तुलनेने कमी सुरक्षित जागा. धातूच्या नळांतून आणि पाण्यातून विजेचा प्रवाह येऊ शकतो, म्हणून कडकडाट चालू असताना अंघोळ आणि भांडी टाळावीत. मोबाइल वीज ओढतो हा समजही खोटा. चार्जिंगला लावलेला नसेल तर घरात तो बिनधास्त वापरा. रबरी चपलांनी वीज अडत नाही. पत्र्याचं छप्पर असलेली बंद मोटार चांगली, कारण प्रवाह बाहेरच्या धातूवरून जमिनीत जातो; त्यात टायरच्या रबराचं श्रेय काही नाही. वीज पडलेल्या माणसाला हात लावला की आपल्याला झटका बसतो, हेही खरं नाही. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला घ्यावी आणि १०८ ला फोन करावा.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, ‘दामिनी’ नावाचं ॲप केलं आहे. तुमच्या जागेच्या २० ते ४० किलोमीटरच्या टापूत वीज पडत असेल तर ते इशारा देतं. किंमत शून्य. शेतावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असावं.

त्याहून स्वस्त साधन म्हणजे मोजणी. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा. नऊ सेकंद म्हणजे तीन किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, बाहेर असाल तर पक्क्या आडोशाला जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा. ही मोजणी नंतर माझ्या उपचारातही उपयोगी पडली, कारण मोजणाऱ्या माणसाला किंचाळायला सवड राहत नाही.

लपण्याचा बाजार

आता पैसे जातात कुठे ते पाहू. फोमचे कानातले बोळे औषधाच्या दुकानात २० ते ५० रुपयांना जोडी मिळतात. आवाज अडवणारे हेडफोन ३,००० पासून ३०,००० पर्यंत. जड गोधडीसारखे वजनदार ब्लँकेट ऑनलाइन २,००० ते ५,००० रुपयांना विकतात. एप्रिलच्या उकाड्यात ते अंगावर घेणाऱ्याचं मला कौतुक वाटतं. या वस्तू फसव्या नाहीत. आवाज खरंच कमी होतो, बरंही वाटतं. दोष वेगळाच आहे. दर वेळी कान झाकून सुटका झाली की मन एवढंच शिकतं की कान झाकले म्हणून वाचलो. पुढच्या वर्षी हेडफोनशिवाय बाहेर पडवत नाही, त्याच्या पुढच्या वर्षी हेडफोन असूनही बाहेर पडवत नाही. उपचार करणारे याला ‘सुरक्षिततेची वर्तणूक’ म्हणतात. दर तासाला हवामान बघणंही त्यातच येतं, आणि हो, दामिनीसुद्धा. चांगलं ॲपही दिवसातून तीसदा उघडलं की भीतीचं खेळणं होतं.

इन्व्हर्टरला मी दोष देणार नाही. आमच्याकडे दिवे जातातच, तो एरवीही कामाला येतो. पण तो वीजकपातीच्या खात्यावर लिहा, भीतीच्या नाही. नुसता अंधारच नको असेल तर तीनशे रुपयांची चार्जिंगची बॅटरी पुरते.

सोसायट्यांमध्ये आणखी एक विक्रेता येतो. आमच्याकडे आलेल्याने गच्चीवर लावायचं एक उपकरण ८५,००० रुपयांना सांगितलं. ते म्हणे वीज पडण्याआधीच तिला लांबून ओढून घेतं, त्यामुळे एकच पुरेल. इमारतीला वीजरोधक असावा याबद्दल वाद नाही. गच्चीवरचा धातूचा दांडा, तिथून खाली येणारी पट्टी आणि जमिनीतलं नीट अर्थिंग, ही साधी व्यवस्था अडीचशे वर्षांहून जुनी आहे आणि काम करते. एकट्या बंगल्याला १५ ते ४० हजार, उंच इमारतीला त्याच्या कितीतरी पट खर्च येतो. पण ‘आधीच ओढून घेणाऱ्या’ उपकरणाच्या वाढीव टापूचा दावा आयएस/आयईसी ६२३०५ या आपल्याकडे लागू असलेल्या मानकाने मान्य केलेला नाही. म्हणून कोटेशनवर या मानकाचा क्रमांक मागा आणि अर्थिंगची मोजणी लेखी घ्या. टीव्ही-फ्रिज वाचवायचे असतील तर ते काम दांड्याचं नाही. मुख्य बोर्डात बसवायचा सर्ज प्रोटेक्टर २ ते ६ हजारांत येतो, इलेक्ट्रिशियनची मजुरी वेगळी. हे सगळं करा, पण घरासाठी करा. दांडा बसवल्यावर माझी भीती एका रात्रीपुरतीही कमी झाली नाही.

खडे, ताईत, उतारे यांबद्दल काय लिहायचं? पोवळ्याची ६,५०० ची पावती मी जपून ठेवली आहे.

उपचार म्हणजे नेमकं काय विकत घेतो आपण?

विजेची आणि कडकडाटाची टोकाची भीती हा ‘विशिष्ट भयगंड’ या गटातला त्रास आहे, उंचीच्या किंवा पाण्याच्या भीतीचा सख्खा भाऊ. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ टिकली, प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने अवाजवी असली आणि तिच्यामुळे कामधंदा, झोप, जाणं-येणं अडू लागलं तर उपचार घ्यावेत. चार-पाच वर्षांची मुलं गडगडाटाला घाबरतात त्यातली बरीच आपोआप सावरतात. तिथे पैसे खर्चण्याची घाई नको, मुलाला हसू नका आणि भुताची भर घालू नका. एक अपवाद लक्षात ठेवा. मूल कुकरची शिट्टी, मिक्सर, फटाके, सगळ्याच मोठ्या आवाजांना कान धरत असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. ऐकण्याची साधी तपासणी ३०० ते ८०० रुपयांत होते, आणि मग पुढची दिशा ठरते.

विशिष्ट भयगंडावर सर्वांत भरवशाचा उपचार म्हणजे भीतीच्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरं जाणं. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये त्याची पद्धतशीर मांडणी केली. स्वीडनचे लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८९ मध्ये दाखवलं की काही भयगंडांत तीन तासांपर्यंतची एकच लांब बैठकही पुरू शकते. कोळी, कुत्रा, सुई अशा भीतींत हे सोपं, कारण कोळी बरणीत आणून ठेवता येतो. वळवाचा पाऊस बरणीत मिळत नाही. म्हणून आपल्या प्रकारात बैठका जास्त लागतात आणि त्या ऋतू बघून आखाव्या लागतात. सहा ते बारा बैठका हा वाजवी अंदाज आहे. पहिल्याच भेटीत कुणी चाळीस बैठकांचं आगाऊ पॅकेज पुढे केलं तर उठा.

माझं असं झालं. पहिली भेट सव्वा तासाची, १,५०० रुपये. उपचार करणाऱ्या मॅडमनी आधी आजीची सगळी गोष्ट ऐकून घेतली. हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ताई, आता आपण जिना बांधू. सगळ्यात खालच्या पायरीवर काय ठेवायचं ते तुम्ही सांगा.” मी सांगितलं, विजेचा फोटो. तो बघताना भीतीला शंभरापैकी किती गुण? तीस. आवाज बंद करून व्हिडिओ? पंचेचाळीस. मोबाइलवर बारीक आवाजात गडगडाट? साठ. मोठ्या स्पीकरवर, अंधारात, टॉर्चचा झोत भिंतीवर मारत? ऐंशी. खरं वादळ, पडदे उघडे, खिडकी बंद, खुर्ची खिडकीपाशी? शंभर. बाल्कनीत उभं राहणं जिन्यावर नव्हतंच. मॅडमनी ते ठेवूच दिलं नाही. सुरक्षित राहून माणूस जिथपर्यंत जाईल तिथपर्यंतच जिना, कारण आपण भीती घालवतो आहोत, अक्कल नाही.

त्यानंतर नऊ बैठका, प्रत्येकी १,२०० रुपये, आठवड्याला एक. पण खरं काम घरी. रोज पाऊण तास एकाच पायरीवर बसायचं, दर पाच मिनिटांनी वहीत गुण लिहायचे, आणि आकडा सुरुवातीच्या निम्म्यावर आल्याशिवाय उठायचं नाही. यूट्यूबवर गडगडाटाच्या तासन्‌तासांच्या ध्वनिफिती फुकट आहेत. लोक त्या लावून झोपतात हे कळल्यावर मला जगाचं आश्चर्य वाटलं. पहिल्या दिवशी बारीक आवाजावर माझे गुण साठवरून ऐंशीवर गेले. मी उठणार होते. वीस मिनिटांनी पासष्ट, चाळीस मिनिटांनी पस्तीस. चौथ्या दिवशी त्याच आवाजाचा कंटाळा आला. मॅडमना सांगितलं तर त्या खूश. कंटाळा येणं हाच तर उपचार, म्हणाल्या. मुलगा कुरकुरला, “आई, रोज संध्याकाळी घरात पाऊस का लावतेस?”

पाचव्या बैठकीत हेडफोन आणि हवामान-तपासणीची बारी आली. हवामान सकाळी एकदाच पाहायचं. हे मला आवाजापेक्षा जड गेलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात खरा वळीव आला. संध्याकाळचे पावणेसहा, मातीचा वास, वाऱ्याने खाली पार्किंगमधला पत्रा वाजतोय. मी खुर्ची ओढून खिडकीशी बसले. चमकलं. एक, दोन, तीन… अकरा. साडेतीन किलोमीटर. गुण पंच्याण्णव. पुढची नऊवर, पुढची सातवर. ती जवळ येत होती आणि मी सेकंद मोजत होते. एक इतकी जवळ कडाडली की मोजायलाच वेळ मिळाला नाही, तेव्हा मी वही सोडून खुर्चीचे हात धरले. उठले मात्र नाही. पाऊस थांबला तेव्हा वहीत शेवटचा आकडा चाळीस होता. त्या मोसमात अशी पाच वादळं मिळाली. शेवटच्याला चहा घेतला.

पायऱ्यांचं हे काम एकट्याने करता येईल का? भीती मध्यम असेल, धडधडीने बेशुद्ध पडण्याची वेळ येत नसेल, हृदयाचा किंवा दम्याचा आजार नसेल तर करून पाहा. खर्च एका वहीचा. पण दोन-तीन आठवड्यांत आकडे खाली येत नसतील तर तज्ज्ञाकडे जा. चुकीच्या वेळी उठून गेलं की भीती उलट पक्की होते.

कुणाकडे, कुठे, केवढ्याला

दोन प्रकारची माणसं आहेत. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे मनाचे डॉक्टर, वैद्यकीय पदवीनंतर त्या विषयात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम झालेले. ते औषध देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत, बैठका घेतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि ती यादी परिषदेच्या संकेतस्थळावर पाहता येते. ‘माइंड कोच’, ‘फोबिया हीलर’, ‘सबकॉन्शस एक्स्पर्ट’ या पाट्यांना कुठलीच नोंदणी लागत नाही. भयगंडासाठी बहुधा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हवा असतो.

खासगीत पुण्या-मुंबईत चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची बैठक १,००० ते २,५०० रुपयांना पडते, नावाजलेल्यांकडे ३,००० च्या वरही. सोलापूर, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत ५०० ते १,२००. मानसोपचारतज्ज्ञांची पहिली भेट ७०० ते २,०००, पुढच्या भेटी त्याहून कमी. ऑनलाइन बैठका थोड्या स्वस्त असतात आणि या त्रासाला चालतात, कारण जिना शेवटी तुमच्याच घरात चढायचा असतो. म्हणजे मध्यम दराने आठ-दहा बैठकांचे १० ते १५ हजार, महाग दराने बाराचे ३०,०००. जाण्या-येण्याचा खर्च आणि बुडालेला अर्धा दिवस वेगळा धरा.

इतकं परवडत नसेल तर थांबायचं कारण नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत, आणि जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा बाह्यरुग्ण विभाग चालतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं फक्त दाखल रुग्णांसाठी आहेत असं लोक समजतात, पण तिथेही बाह्यरुग्ण विभाग आहे. ससून, केईएम, नायर, शीव अशा वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, केसपेपर नाममात्र पैशांत निघतो. गोव्यात बांबोळीची मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. या जागांचा तोटा सरळ सांगते. गर्दी असते, डॉक्टर दहा मिनिटं देतात, त्यामुळे गोळ्या लवकर मिळतात आणि बैठका उशिरा. केसपेपर काढतानाच ‘सायकॉलॉजिस्टकडे बैठका हव्या आहेत’ असं स्पष्ट म्हणा. ठाण्याच्या आयपीएचसारख्या मानसिक आरोग्याच्या संस्थांकडे सवलतीबद्दल विचारायला लाजू नका. विचारणाऱ्यालाच सवलत मिळते.

घरबसल्या पहिलं पाऊल हवं असेल तर ‘टेली-मानस’चा क्रमांक १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. फोनवर सगळा उपचार होणार नाही, पण जवळ कुठे जायचं ते कळेल.

मोठ्या कंपनीत नोकरी असेल तर मनुष्यबळ विभागाला विचारा. कर्मचारी-साहाय्य योजनेत तीन ते सहा बैठका कंपनीच्या खर्चाने मिळतात आणि बरेच जण त्या वापरतच नाहीत. विम्याबद्दल मात्र आशा बेताची ठेवा. मानसिक आरोग्य काळजी कायदा, २०१७ च्या कलम २१ नुसार मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यावा लागतो, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना तसं बजावलं. पण विशिष्ट भयगंडासाठी कुणी रुग्णालयात दाखल होत नाही, आणि साध्या पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्च बसत नाही. ओपीडीची जोड असेल तरच पावत्या लावा.

गोळीचं काय

भीतीच्या वेळी घ्यायची गोळी सर्वांत स्वस्त, पट्टीला थोडेसेच रुपये. म्हणूनच ती सर्वांत महाग पडू शकते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ही या जातीची औषधं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि दुकानदाराने दिली तरी घेऊ नयेत. त्यांची सवय लागते. शिवाय गोळी घेऊन वादळ काढलं की मन शिकतं, गोळीमुळे वाचलो. म्हणजे पुन्हा हेडफोनचीच गोष्ट. धडधड थांबवणारी काही औषधं दम्याच्या रुग्णाला घातक ठरतात. शेजारणीची गोळी शेजारणीकडेच राहू द्या. भीतीबरोबर उदासी किंवा झोप उडणं असेल तर डॉक्टर दीर्घ मुदतीची औषधं सुचवतील. ती जनऔषधी केंद्रात बरीच स्वस्त मिळतात आणि मनाने बंद करायची नसतात.

कधी सुरू करायचं

बहुतेक जण जूनमध्ये फोन करतात. तो उशीर झाला. महाराष्ट्रात कडकडाटाचा मोसम मार्चच्या अखेरीपासून मृगापर्यंत आणि मग ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात. जुलै-ऑगस्टची झड दिवसन्‌दिवस चालते, पण विजा त्या मानाने कमी. म्हणून दिवाळी उरकली की नाव नोंदवा, थंडीत खालच्या पायऱ्या चढा, आणि एप्रिलच्या वळवाला वरच्या पायरीवर हजर राहा. परतीच्या पावसात फेरतपासणीची एक बैठक ठेवा. ऋतू गेला की मन विसरतं आणि भीती परत उगवू शकते. माझी एक बैठक त्यासाठी अजून बाकी आहे, १,२०० रुपये बाजूला काढून ठेवलेत.

पैसे देण्यापूर्वी फोनवरच विचारा: तुमची नोंदणी कुठे, पायरीपायरीने सामोरं जाण्याचं काम तुम्ही करता का, साधारण किती बैठका, बैठक रद्द केली तर काय, आणि पावती मिळेल का. दुसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस ‘आम्ही मुळापर्यंत जातो’ असं मोघम बोलू लागला तर पुढचा क्रमांक फिरवा. वैद्यकीय उपचारावर जीएसटी नसतो. माझ्या शिबिराच्या पावतीवर १८ टक्के लावलेले होते, तिथेच मला कळायला हवं होतं की मी उपचार नव्हे, प्रशिक्षण विकत घेतेय. दुसऱ्या दिवशी त्यांनी डोळे मिटायला लावले, ढोल वाजवले आणि टाळ्या वाजवून प्रमाणपत्र दिलं. पुढच्या महिन्यात मी पुन्हा बाथरूममध्ये होते. परतावा मागितला तर ‘तुमची श्रद्धा कमी पडली’ असं उत्तर आलं. मी तक्रार केली नाही, तुम्ही करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. जाहिरातीचा कागद, पावती, झालेले मेसेज, एवढं जपून ठेवा.

हेडफोन आता मुलगा वापरतो, पडदे सुती घेतले. गेल्या महिन्यात पोवळ्याची अंगठी घेऊन सराफाकडे गेले. त्याने काट्यावर टाकली, चांदीचे ४१० रुपये होतात म्हणाला. खड्याला परतीचा भाव नसतो.